पूर्वीचे ते राहिले नाही

काही वाद निकाल लागावा म्हणून घातले जातात, तर काही केवळ चालू राहावेत म्हणून. 'रोलिंग स्टोन्स' या विलायती रॉक बँडच्या उत्तरकालीन अल्बमांत काही राम आहे की नाही, हा आमच्या स्नेहमंडळातील वाद दुसऱ्या जातीचा होय. गेली तीस वर्षे तो आमच्या चहाबरोबर उकळत आहे आणि चहाप्रमाणेच त्याचीही आम्हाला सवय जडली आहे.

या वादात पक्ष तीन. आमचे एक वडीलधारे सहाध्यापक, आता सेवानिवृत्त झालेले, असे मानतात की १९७२ च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'नंतर या मंडळींनी जे काही केले ते पोटासाठी केले. वयाने आमच्यापेक्षा सहासात वर्षांनी मोठे असलेले दुसरे स्नेही उदार मनाने ही सीमा १९८१ च्या 'टॅटू यू'पर्यंत आणून ठेवतात. त्यापलीकडे मात्र ते कोणास पाऊल टाकू देत नाहीत. आमची स्वतःची स्थिती चमत्कारिक आहे. आम्ही पदरच्या पैशाने विकत घेतलेला या बँडचा पहिला नवा अल्बम १९८९ चा, 'स्टील व्हील्स' नावाचा. वसतिगृहाच्या खोलीत, उसन्या टेपरेकॉर्डरवर, फीत सैल पडेपर्यंत आम्ही ती कॅसेट ऐकली. इतरांच्या मते जेथे कथा संपते तेथे आमच्या कथेला आरंभ झाला. सारांश, उत्तरकालाचे वकीलपत्र आमच्याकडे आले ते विचाराने नव्हे, जन्मसालाने!

प्रत्येकाची सीमारेषा त्याच्या विसाव्या वर्षाच्या आसपास पडते, हे आमच्या ध्यानात येण्यास बराच काळ लागला. तथापि एवढ्याने वाद मिटत नाही. आवडीचे मूळ सापडले म्हणजे तिचे मोल ठरले, असे थोडेच आहे? तेव्हा पुराव्याकडे वळणे प्राप्त आहे.

आज ज्या 'एक्झाइल'ची पूजा बांधली जाते, त्याचे १९७२ मध्ये अनेक टीकाकारांनी थंडेच स्वागत केले होते. त्यांनाही पूर्वीचे ते राहिले नाही असेच वाटले असावे. 'टॅटू यू'ची गोष्ट तर अधिकच मौजेची आहे. त्यातील बहुतेक गाणी १९८१ मध्ये नव्याने रचलेली नाहीतच. सत्तरच्या दशकातील निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांत अर्धवट राहिलेले तुकडे शोधून, झाडूनपुसून ती सिद्ध केली आहेत. म्हणजे आमचे स्नेही ज्याला अखेरचे ताजे पक्वान्न म्हणतात ते वस्तुतः शिळ्याला दिलेली उत्तम फोडणी होय. हे आम्ही त्यांना प्रथम सांगितले, तेव्हा ते दोन रविवार आमच्याकडे फिरकले नाहीत.

परंतु वकिलानेही आपल्या अशिलाचे दोष जाणले पाहिजेत. जुन्या लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटांहून अधिक संगीत नीट मावत नसे, म्हणून निवड करणे भाग पडे. कॉम्पॅक्ट डिस्क आली, तीवर ७४ मिनिटे मावू लागली आणि निवडीचा धाक गेला. १९९४ च्या 'व्हूडू लाउंज'मध्ये १५ आणि २००५ च्या 'अ बिगर बँग'मध्ये १६ गाणी आहेत. त्यांतली पाचसहा वगळली असती तर उरलेल्यांचे तेज वाढले असते. १९९७ च्या 'ब्रिजेस टु बॅबिलॉन'मध्ये काळाची फॅशन पकडण्याची धडपड तर लपत नाही. एवढे आम्ही मान्य करतो.

एप्रिल २००३ मध्ये ही मंडळी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आली, तेव्हा आम्ही आणि 'टॅटू यू'वाले स्नेही गर्दीत शेजारी शेजारी उभे होतो. मिक जॅगर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. "म्हातारे झाले रे!" असे स्नेही कानाशी ओरडले आणि आम्ही तिशीच्या मस्तीत हसलो. आज आम्हीच त्या उंबरठ्याकडे चाललो आहोत, हे सांगणे नलगे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, नव्या गाण्यांचा असा १८ वर्षांतला पहिला अल्बम, 'हॅकनी डायमंड्स', प्रसिद्ध झाला आणि वादाला नवे सरपण मिळाले. चार्ली वॉट्स २०२१ मध्ये निवर्तले होते; केवळ दोन गाण्यांत त्यांचे ड्रमवादन आहे. जॅगर ऐंशी वर्षांचे होते. स्नेही म्हणाले, "अरे, सगळी सोंगे आणता येतात, पण तारुण्याचे आणता येत नाही." एरवी आम्ही उसळलो असतो, त्या दिवशी गप्प राहिलो, आणि त्याला कारण होते.

त्याच आठवड्यात आमचा वीसएक वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी कॉलेजात आला होता. हौसेने मागच्या बाकावर बसून त्याने आमचा तास ऐकला आणि नंतर तो म्हणाला, "छान झालं, सर. पण आमच्या वेळी तुम्ही..." पुढचे शब्द त्याने सौजन्याने गिळले. ते आम्हाला ऐकू आले. हॅम्लेटच्या दिरंगाईचा निकाल पूर्वी आम्ही एका तासात लावीत असू, मेजावर मूठ आपटून. आता एका स्वगतापाशीच तास संपतो आणि मूठही वर उठत नाही. ही शक्ती ओसरली की समज वाढली, हे आमचे आम्हालाच सांगता येईना.

त्या रात्री आम्ही 'हॅकनी डायमंड्स'मधील शेवटचे गाणे पुन्हा लावले. ते मडी वॉटर्स यांचे १९५० मधले. त्याच्याच नावावरून १९६२ मध्ये या पोरांनी आपल्या बँडचे नाव घेतले होते. येथे ताफा नाही, पाहुणे नाहीत. रिचर्ड्स यांची गिटार, जॅगर यांचा आवाज आणि माउथ ऑर्गन, एवढेच. ऐकता ऐकता मनात आले, की सोंग असेलच तर ते विशीत होते. लंडनकडची ती कोवळी पोरे तेव्हा दूर अमेरिकेतल्या जाणत्या माणसांची दुःखे उसनी घेऊन गात होती. तो आवाज आता कोठे त्या गाण्याच्या वयाला पोहोचला आहे. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे उतारवयातील गाणे ऐकताना तिशीतल्या मन्सूरांची आठवण काढून कोणी हळहळत बसत नाही. तोच कान या मंडळींपुढे आपण का झाकून घेतो? त्या अल्बमातील इतर काही गाणी तरुण दिसण्यासाठी धावतात आणि त्यांच्यापुरते स्नेह्यांचे म्हणणे खरे आहे. पण हे एक गाणे धावत नाही, आणि १९७२ मध्ये ते असे गाता आले नसते.

पुढच्या रविवारी आम्ही ते स्नेह्यांना ऐकवले. चहा निवेपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पूर्वीचे ते राहिले नाही."

"नाही राहिले," आम्ही म्हणालो. तीस वर्षांत आमचे प्रथमच एकमत झाले. दोघांच्या म्हणण्याचा अर्थ मात्र एकच होता असे नाही.

विद्यार्थ्याला आम्ही पुन्हा येण्याचे निमंत्रण धाडले आहे. गुरुवारी त्याच वर्गावर तास आहे. हॅम्लेटचे ते स्वगत अजून संपलेले नाही.