तिसरी पाळी

उद्यमबागेत रात्र अशी होतच नाही. दिवसाचा गलका थोडा खाली बसतो, एवढंच. कुठल्या तरी फौंड्रीत भट्टी पेटलेली असते, कुठे हॅमर पडत असतो, आणि आमच्यासारख्या लहान शेडांतून लेथचा एकसुरी आवाज चालू असतो. इतकी वर्षं हा आवाज ऐकतो आहे, की तो थांबला तरच मला झोपेतून जाग येते.

बेळगावला लोखंडाचा हा नाद जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान याच गावात काढलं, त्यांचा लोखंडी नांगरही इथलाच. पुढे ठळकवाडीची वसाहत व्हायची म्हणून त्यांना जागा सोडावी लागली आणि १९१० साली त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्याच ठळकवाडीच्या पलीकडे आज उद्यमबाग आहे. थोरल्या भावाने आणि मी इथे एक शेड भाड्याने घेतली, एक जुना लेथ आणला आणि हायड्रॉलिकच्या फिटिंगा करायला लागलो. कनेक्टर, निपल, अडॅप्टर असा मुठीत मावणारा माल. तो कुठल्या यंत्रात जाऊन बसतो ते आम्हांला कधी दिसत नाही. खराब निघाला तर मात्र लगेच कळतं, कारण खोकं परत येतं.

भाऊ अकाली गेला. त्याचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. वहिनींनी माझ्याकडे काही मागितलं नाही, पण शेडचा अर्धा हिस्सा त्या पोराचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पोराला वेड लागलं ते कार्टिंगचं. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीची धावपट्टी आहे. शाळेच्या सुट्टीत एकदा तिथे नेलं आणि मग दर रविवारी पहाटे तेच मला उठवायला लागलं. संकेश्वर, तवंदीचा घाट, निपाणी, कागल असा तो रस्ता अजून डोळ्यांपुढे आहे. निपाणीत गाडीच्या काचा खाली केल्या की तंबाखूचा वास आत यायचा आणि पोरगं म्हणायचं, "काका, आता तासभर न्हाई." कागलजवळ राज्य बदलायचं. पाट्यांवरची अक्षरं बदलायची, आमच्या गप्पा बदलायच्या नाहीत.

कार्ट हा प्रकार मी आधी खेळणं समजलो होतो. वाकून पाहिल्यावर कळलं, की मोटारीतलं जे जे सोयीचं ते सगळं यातून काढून टाकलं आहे. स्प्रिंग नाही, शॉक ॲब्सॉर्बर नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच सळीवर घट्ट बसवलेली. मग वळणावर आतलं चाक आणि बाहेरचं चाक एकाच वेगाने कसं फिरणार? यावर उपाय असा, की वळताना सांगाड्याच्या नळ्याच पीळ खातात आणि आतलं मागचं चाक जमिनीपासून क्षणभर उचललं जातं. सांगाडा हीच त्याची स्प्रिंग. आसन एक बोट इकडे की तिकडे, यावर वळण जमतं की फसतं. सव्वाशे सीसीचं रोटॅक्सचं इंजिन पाठीशी किंचाळत असतं आणि रविवारी संध्याकाळी पोराच्या बरगड्या काळ्यानिळ्या झालेल्या असत. वहिनी हळद गरम करून लावायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "भावजी, पुरे आता."

पण पोराला यंत्राचा कान होता. इंजिन बंद करून तो सांगायचा, "मागचा टायर जास्त फुगलाय," आणि गेज लावलं की ते खरं निघायचं. कोल्हापूरची पोरं पुढे जातही होती. ध्रुव मोहिते फोक्सवागनच्या शर्यतींत उतरला, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. आमच्या पोराला वाटलं, आपणही जाऊ. मलाही वाटलं नाही असं नाही.

२०१४ साली तो सोळाचा झाला. कार्टमधून उतरून फॉर्म्युला गाडीत बसायची वेळ आली. एका हंगामाचा खर्च आम्ही वहीत मांडला. गाडीचं भाडं, टायर, सरावाचे दिवस, कोइमतूरला जाणं-येणं, आणि गाडी आपटली तर तिची दुरुस्ती. एकूण आकडा पाहिला आणि मी वही मिटली. त्याच महिन्यात मी सीएनसी लेथ घ्यायचं ठरवत होतो. तो आला नसता तर हाताने चालणाऱ्या लेथवर आमचा धंदा फार तर दोन-तीन वर्षं तगला असता. बँकेत भरायची पहिली रक्कम आणि त्या हंगामाचा खर्च जवळजवळ सारखाच होता.

मी लेथ घेतला. आणि हेही लिहिलं पाहिजे, की त्याच वर्षी माझ्या स्वतःच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी मी एकरकमी भरली. पोरगं काही बोललं नाही. हेल्मेट कपाटावर ठेवलं, आयटीआयला नाव घातलं आणि दोन वर्षांनी त्याच सीएनसीवर उभं राहिलं. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

त्याच २०१४ सालात बंगळूरचा एक मुलगा ब्रिटनमधल्या बीआरडीसी फॉर्म्युला फोर मालेत दुसरा आला. अर्जुन मैनी त्याचं नाव. जन्म डिसेंबर १९९७चा, म्हणजे आमच्या पोराच्याच बरोबरीचा. पहिला आला तो जॉर्ज रसेल, पुढे फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीज चालवणारा. अर्जुनही कार्टमधूनच आलेला. २०११ साली फोर्स इंडिया संघाने देशभरातून कार्ट चालवणारी मुलं निवडायची मोहीम काढली, तिच्यात तो अव्वल ठरला. मुंबईचा जेहान दारूवालाही त्याच मोहिमेत निवडला गेला. मैनींचं घर यंत्राचे सुटे भाग करणारं, काका चेतन मैनींनी रेवा ही विजेवरची मोटार आणली. म्हणजे धंदा आमच्याच जातीचा, पण आमच्या शेडीत आणि त्यांच्या कारखान्यात केवढं अंतर!

पोरगं त्याची एकेक बातमी मला सांगायचं. २०१७ला बार्सिलोनात जीपी थ्रीची शर्यत जिंकली, भारतीयाने ती जिंकायची ती पहिलीच वेळ. २०१८ला फॉर्म्युला टू, आणि हास संघाचा तो विकास-चालकही होता. फॉर्म्युला वन अगदी दारात आलं होतं. पण त्या दारातून आत जागा तेव्हा वीसच. २०१९ला अर्जुन सहनशक्तीच्या शर्यतीकडे वळला.

मी पोराला म्हणालो, "म्हणजे त्याचंही राहिलंच म्हणायचं."

तो हातातला जॉब पुसत म्हणाला, "राहिलं कुठं काका? ती शर्यत वेगळी. बघा की एकदा."

फ्रान्समध्ये ल मान्स म्हणून गाव आहे. तिथे १९२३पासून चोवीस तासांची शर्यत होते. आज दुपारी सुटलेल्या गाड्या उद्या दुपारी थांबतात. एक फेरा साडेतेरा किलोमीटरहून थोडा जास्त, आणि त्यातला बराचसा रस्ता एरवी लोकांच्या रोजच्या रहदारीचा. गाडी एक, चालवणारे तिघे. एका माणसाने एकूण चौदा तासांच्या वर आणि कुठल्याही सहा तासांत चार तासांच्या वर चालवायचं नाही. अर्जुन ज्या वर्गात होता त्यात तिघांपैकी निदान एक जण वरच्या श्रेणीचा नसावा लागतो. म्हणजे कच्च्या गड्यालाही सांभाळून घ्यायचं. अर्जुनबरोबर फ्रान्सचा नॉर्मन नातो होता आणि कॅनडाचा जॉन फारानो. गाडीचा नंबर त्रेचाळीस.

१५ जून २०१९, शनिवार. आमच्याकडे त्या वर्षी पाऊस लांबला होता, शेडीतले पत्रे रात्रीही तापलेले. सोमवारी माल द्यायचा होता म्हणून तिसरी पाळी लावली होती. पोरगं, बैलहोंगलकडचा आमचा एक ऑपरेटर आणि मी. टूलच्या कपाटाला टेकवून मोबाइल उभा केला होता. सायकल संपली की जॉब काढायचा, बर काढायची, गेज लावायचं, नवा बार चढवायचा, आणि मधल्या दीड मिनिटात पडद्याकडे बघायचं. काळोखात नुसते दिवे धावत होते. साठावर गाड्या, त्यांत त्रेचाळीस नंबर एकदा दिसला तेव्हा ऑपरेटर ओरडला, "नम्म हुडुग री!" आपला पोरगा. पोरगं हसलं आणि म्हणालं, "हौदु, आपलाच."

गाडी खड्ड्यात आली, म्हणजे पिटमध्ये, की माणूस बदलायचा. एक जण पट्टे सोडून बाहेर, दुसरा आत, आणि उतरलेला माणूस बसणाऱ्याचे पट्टे आवळायला मदत करतो. मला ते बघून काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. कार्टमध्ये दर रविवारी मी पाहत आलो होतो ते याच्या उलट. शेजारचा म्हणजे वैरी, त्याला वळणावर दाबायचं. इथे जो उतरतो त्याने क्लच जाळलेला नसावा, टायर खाल्लेले नसावेत, कारण पुढच्याला त्याच गाडीत रात्र काढायची असते. आमच्याकडे पाळी बदलताना हेच सांगतात, मशीन नीट देऊन जा. भाऊ पाळी संपली की लेथचा बेड पुसून, तेल लावून मगच हात धुवायचा. पोराने ते कधी पाहिलं कोण जाणे, पण तोही तसंच करतो.

चहाच्या वेळी पोराने मला २०१६ची गोष्ट सांगितली. टोयोटाची गाडी तेवीस तास सत्तावन्न मिनिटं चालली, पहिली होती, आणि शेवटचा फेरा उरला असताना ताकद जाऊन रेषेवरच थांबली. चालक होता काझुकी नाकाजिमा. पोर्शे जिंकली. मागाहून कळलं, टर्बोपासून इंटरकूलरकडे हवा नेणाऱ्या नळीवरच्या कनेक्टरमध्ये बिघाड झाला होता.

"कनेक्टर?" मी विचारलं.

"कनेक्टर," तो म्हणाला, आणि हातातला आमचा जॉब उजेडात धरून त्याने आटे पुन्हा एकदा पाहिले.

त्या रात्री एकही जॉब रिजेक्ट झाला नाही.

रविवारी संध्याकाळी घरी शेवटचा तास बघायला सगळेच बसलो. वहिनीही आल्या. टोयोटाची सात नंबरची गाडी बहुतेक शर्यतभर पुढे होती. शेवटच्या तासात तिच्या एका चाकाची हवा जाऊ लागली. ती आत आली, सेन्सरने दाखवलं ते चाक बदललं, बाहेर गेली, आणि तरी हवा जातच राहिली. पंक्चर दुसऱ्याच चाकाला होतं, सेन्सरचा निरोप चुकीच्या चाकाचा येत होता. पुन्हा आत यावं लागलं आणि तेवढ्यात आठ नंबर पुढे निघून गेली.

"गेज चुकलं काका," पोरगं म्हणालं.

इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते तेव्हा तोंडून गेलं. "माझंही चुकलं असेल रे. चौदा साली. दुखणं एका चाकाचं आणि मी बदललं भलतंच."

वहिनी पदर सावरत आत जायला निघाल्या होत्या, त्या उंबऱ्यात थांबल्या. पोरगं पडद्याकडेच बघत होतं. मग म्हणालं, "लेथ नसता घेतला तर आज शेडीला कुलूप असतं. मला राग आलाच होता, न्हाई असं न्हाई. वर्षभर तुमच्याशी नीट बोललो न्हाई, तुम्हांला कळलंबी न्हाई."

"कळलं होतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही तरी बोलायचं न्हवं?" तो म्हणाला. मला उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने त्यानेच पडद्याकडे बोट केलं. "बघा, सात नंबर दुसरी आली. थांबली न्हाई न्हवं."

अर्जुन पुढे फेब्रुवारी २०२१मध्ये नारायण कार्तिकेयनबरोबर आशियाई ल मान्स मालेत एकाच गाडीत बसला. १९७७चा आणि १९९७चा, भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक आणि त्याचं बघत मोठा झालेला, दोघे एकमेकांना आसन देत होते. त्याच वर्षी तो जर्मनीच्या डीटीएममध्ये गेला, तिथे उतरलेला तो पहिला भारतीय. त्याची वाट मोकळी झाली, आमच्या पोराची झाली नाही. दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. पैसा नसताना जे राहून जातं ते राहूनच जातं, त्याला गोड नाव देण्यात अर्थ नाही.

पण २०१९च्या त्या वर्षी खंडेनवमीला मी सकाळी शेडीत गेलो तर पोरगं आधीच आलेलं होतं. मशिनं पुसून झाली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या, गेज आणि मायक्रोमीटर पाटावर मांडले होते. भावाचा जुना लेथ आम्ही विकलेला नाही, तो कोपऱ्यात असतो. त्याच्या बेडवर कार्टिंगचं हेल्मेट ठेवलेलं होतं, पाच वर्षांची धूळ पुसून. वहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. सीएनसीला कुंकू लावलं, जुन्या लेथला लावलं. हेल्मेटपाशी जरा थबकल्या, माझ्याकडे बघितलं आणि त्यालाही लावलं.

मग पोराने शेजारच्या शेडीत नारळ आणि पेढे पाठवले. ऑपरेटरला सुट्टी होती तरी तो बैलहोंगलहून आला होता. दुपारी दोनच्या सुमाराला पोरगं म्हणालं, "काका, उद्याच्या मालाचा एक बार चढवून बघू काय? कालचं ऑफसेट जरा हललंय."

सणाचा दिवस, मशीन लावायचं नसतं, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "उद्या पहिल्या पाळीला बघ." तो होय म्हणाला आणि लेथवर पडलेली झेंडूची एक पाकळी त्याने बोटाने उचलून बाजूला ठेवली.