प्लूटोचं पान

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, प्लूटोला ग्रहांतून काढलं तेव्हा त्याला रडू आलं असेल का गं?" मी कसल्याशा गडबडीत होते. "अगं, त्याला कुठं काय कळतंय," एवढं बोलून विषय संपवला. रात्री मात्र चुटपुट लागून राहिली. जयंत नारळीकर सरांकडे मुलं स्वाक्षरी मागायला गेली की ते सांगत, स्वाक्षरीपेक्षा पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. आणि ते खरंच उत्तर पाठवत. ते आठवलं आणि वाटलं, आपल्या भाचीचा एवढा चांगला प्रश्न आपण असा वाऱ्यावर सोडायला नको होता. म्हणून हे पत्र, आणि सोबत चार पुस्तकं. पुस्तकं इंग्रजीत आहेत. आईला शेजारी घेऊन वाच. अडेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण कर, दिवाळीत आलीस की बघू.

तुझा प्रश्न कुठून आला ते मला कळलं. तू शाळेतून आणलेलं 'अ प्लेस फॉर प्लूटो' वाचलं होतंस ना? स्टेफ वेड यांचं, २०१८ सालचं. त्यात प्लूटोला एके दिवशी कळतं की आपण आता ग्रह नाही. मग तो बिचारा धूमकेतूंकडे जातो, लघुग्रहांकडे जातो, उल्कांच्या दगडांकडे जातो. कुठेच त्याचा मेळ बसत नाही. शेवटी त्याला त्याच्यासारखेच बटुग्रह भेटतात आणि तो निवांत होतो. शाळा बदललेल्या, नव्या गल्लीत राहायला आलेल्या मुलाला ही गोष्ट फार जवळची वाटेल. माझ्या बालवाचनालयात मी ती ठेवीनच. पण अशी चारपाच पुस्तकं ओळीने वाचली की मुलांच्या मनात एकच गोष्ट उरते: प्लूटो गरीब आणि शास्त्रज्ञ दुष्ट. तिथे मला थांबावंसं वाटतं, कारण खरी गोष्ट याहून कितीतरी छान आहे.

त्याहून मोठी चूक मी एका मराठी पुस्तकात पाहिली. सूर्यमालेवरचं छोटं, रंगीत पुस्तक. जुन्या आवृत्तीत नऊ ग्रह होते, प्लूटोचं शेवटचं पान होतं. नवी आवृत्ती आणली तर 'नऊ'च्या जागी 'आठ' झालेले आणि ते पान गायब. का गेलं, कुणी काढलं, त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. जुनं पुस्तक वाचलेला मुलगा नवं हातात घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, यातलं एक पान फाटलंय." मला फार वाईट वाटलं. पान असं गुपचूप काढून टाकलं की मुलाला वाटतं, शास्त्र म्हणजे मोठ्यांनी ठरवलेली यादी, आपण फक्त पाठ करायची. आणि त्या फाटलेल्या पानावरच तर सगळी मजा आहे. ते पान मी आता तुला लिहून देते.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात क्लाइड टॉम्बो नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. एका वर्षी गारपिटीने त्यांचं उभं पीक झोपवलं आणि त्याच्या कॉलेजचे पैसे गेले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. क्लाइडने काय केलं, तर घरीच दुर्बिणी बनवल्या. एकीत जुन्या ब्यूक मोटारीचा भाग होता आणि दुधातून साय वेगळी काढायच्या यंत्राचे तुकडे होते. तिच्यातून पाहिलेल्या मंगळाची आणि गुरूची चित्रं काढून त्याने अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावी लॉवेल वेधशाळेत पाठवली. तिथून बोलावणं आलं.

काम मोठं चिकाटीचं होतं. रात्री आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही दिवसांच्या अंतराने, काचेवर दोन फोटो घ्यायचे. मग दिवसा त्या दोन काचा एका यंत्रात लावून आलटूनपालटून बघायच्या: ही, ती, ही, ती. तारे जिथल्या तिथे राहतात. जो ठिपका उडी मारेल तो तारा नव्हे. एकेका काचेवर हजारो तारे, आणि आकाशगंगेजवळ तर मोजदाद नाही. कित्येक महिने असंच चाललं. १८ फेब्रुवारी १९३० च्या दुपारी मिथुन राशीच्या दोन काचा बघताना, २३ आणि २९ जानेवारीच्या, एक फिकट ठिपका काही मिलिमीटर सरकलेला दिसला. क्लाइड तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

पार्सलमध्ये पुठ्ठ्यात घातलेले दोन कागद आहेत. दोन्हींवर मी पेनाने साठ-साठ ठिपके काढलेत. एकच ठिपका गव्हाच्या दाण्याएवढा सरकवलाय. कागद एकावर एक ठेव, वरचा भराभर उचल आणि ठेव. खालचा, वरचा, खालचा, वरचा. सापडेपर्यंत आईला विचारू नकोस. साठ ठिपक्यांत किती वेळ गेला तो घड्याळात बघ आणि मग क्लाइडच्या काचा डोळ्यांसमोर आण.

आता नाव. हे तुझ्यासाठी मुद्दाम सांगते, कारण ते तुझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठ्या मुलीने सुचवलं. सोबतचं अॅलिस मॅकगिंटी यांचं 'द गर्ल हू नेम्ड प्लूटो' तिच्यावरच आहे. व्हेनेशिया बर्नी, वय अकरा, राहणार ऑक्सफर्ड. १४ मार्च १९३० ला सकाळी न्याहारीच्या टेबलावर तिच्या आजोबांनी वर्तमानपत्रातली नव्या ग्रहाची बातमी वाचून दाखवली. त्याला अजून नाव नाही असं कळल्यावर ती म्हणाली, प्लूटो ठेवलं तर? प्लूटो हा रोमन लोकांचा पाताळाचा देव, साधारण आपल्या यमासारखा. इतक्या दूरच्या, अंधाऱ्या, थंड जगाला नाव शोभत होतं. तिचे आजोबा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी "खा मुकाट्याने" म्हटलं नाही. ओळखीच्या ज्योतिर्विदाला चिठ्ठी पाठवली, त्याने फ्लॅगस्टाफला तार केली आणि १ मे १९३० ला तेच नाव जाहीर झालं. इंग्रजीत लिहिलं की त्याची पहिली दोन अक्षरं ही वेधशाळा काढणाऱ्या पर्सिव्हल लॉवेल यांची आद्याक्षरंही होतात. आजोबांनी नातीला पाच पौंड बक्षीस दिलं.

व्हेनेशियाला हे उगीच सुचलं नव्हतं बरं का. पुराणकथा तिने वाचलेल्या होत्या. आणि शाळेत त्यांचा एक खेळ होता: बागेत जाऊन मातीच्या गोळ्यांचे ग्रह करायचे आणि सूर्यापासून ते किती लांब असतील त्या हिशेबाने अंतर राखून मांडायचे. सूर्यमाला तिच्या पायांना माहीत होती.

मग त्याला काढलं का? हे सांगायला मागे जावं लागतं. १८०१ च्या पहिल्याच दिवशी इटलीत पालेर्मोला पियाझी यांना मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सेरेस सापडला. तोही ग्रहच मानला गेला. पाठोपाठ पॅलस, जूनो, वेस्टा सापडले. त्या काळच्या पुस्तकांतून मुलं अकरा ग्रह पाठ करत होती! पुढे तिथे असे डझनावारी सापडायला लागले तेव्हा लक्षात आलं की हा एक थवाच आहे, आणि त्या सगळ्यांना लघुग्रह म्हणायचं ठरलं. प्लूटोचं अगदी तस्सं झालं. १९९२ मध्ये डेव्हिड ज्यूइट आणि जेन लू यांना नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक छोटं जग दिसलं. मग शेकड्यांनी दिसली. २००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्यांच्या सोबत्यांनी एरिस शोधल्याचं जाहीर केलं. ती जवळजवळ प्लूटोएवढीच. आता एक तर सगळ्यांना ग्रह म्हणा, नाही तर ग्रह म्हणजे काय ते नीट ठरवा. २४ ऑगस्ट २००६ ला प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी मतं घेऊन ठरवलं: ग्रह सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या वजनाने गोल झालेला असतो आणि आपल्या वाटेवर दुसऱ्यांची गर्दी राहू देत नाही. प्लूटोच्या वाटेवर गर्दी आहे. म्हणून तो बटुग्रह.

हा मराठी शब्द मला फार आवडतो. बटू म्हटलं की आपल्याला वामन आठवतो, आणि त्याने तीन पावलांत काय केलं तेही आठवतं.

सगळ्यांना हा निर्णय पटला असं नाही. प्लूटोकडे यान पाठवणारे अॅलन स्टर्न अजूनही त्याला ग्रहच म्हणतात. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाने २००० सालीच ग्रहांच्या मांडणीतून प्लूटो बाजूला ठेवला, तर तिथले प्रमुख नील डिग्रास टायसन यांना लहान मुलांची रागाची पत्रं आली. मला निर्णय पटतो. पण ती पत्रं लिहिणारी मुलंही मला आवडतात. ज्याच्यासाठी भांडावंसं वाटतं त्याचीच माहिती माणूस शोधत बसतो. एलेन स्कॉट यांचं 'व्हेन इज अ प्लॅनेट नॉट अ प्लॅनेट?' हे २००७ चं पुस्तक हा सगळा वाद मुलांपुढे सरळ मांडतं, कुणाला खलनायक करत नाही. चारांतलं ते आधी वाच. 'प्लूटोज सीक्रेट' हे वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयातल्या इतिहासकार मार्गारेट वाइटेकॅम्प यांनी लिहिलंय. त्यातला प्लूटो खुशीत असतो, कारण आपण वेगळ्याच कुळातले आहोत हे त्याला आधीपासून ठाऊक असतं. अॅडम रेक्स यांच्या 'प्लूटो गेट्स द कॉल'मध्ये तो तुला सूर्यमाला दाखवत असतो आणि मधेच त्याला पृथ्वीवरून फोन येतो. ते शेवटी ठेव, झोपताना.

आणि बघ, ज्या वर्षी त्याचं पद गेलं त्याच वर्षी त्याला भेटायला आपण निघालो होतो. न्यू होरायझन्स यान १९ जानेवारी २००६ ला सुटलं. त्यात क्लाइड टॉम्बो यांची थोडी रक्षा होती. ते १९९७ मध्ये वारले होते. धूळ मोजणारं एक उपकरण विद्यार्थ्यांनी बनवलेलं होतं, त्याला व्हेनेशिया बर्नीचं नाव दिलं. साडेनऊ वर्षं ते यान चाललं आणि १४ जुलै २०१५ ला प्लूटोपासून साधारण साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं. तिथून निघालेला संदेश पोचायला साडेचार तास लागत. त्या दिवसापर्यंत प्लूटो म्हणजे चार-दोन धूसर ठिपके होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला.

त्यावर बदामाच्या आकाराचा एक मोठा उजळ भाग आहे. त्याला टॉम्बोचंच नाव दिलंय. त्याची डावी बाजू म्हणजे गोठलेल्या नायट्रोजनचं मैदान, आणि ते स्थिर नाही. खालचा बर्फ हळूहळू वर येतो, वरचा खाली जातो, चुलीवरच्या आमटीसारखं, फक्त फार फार सावकाश. म्हणून त्या मैदानावर एकही खड्डा टिकलेला दिसत नाही. कडेला डोंगर आहेत, पाण्याच्या बर्फाचे. उणे २३० अंशांच्या थंडीत पाणी खडकासारखं कठीण होतं. त्यांतल्या एका रांगेला तेनझिंग यांचं नाव आहे, दुसरीला हिलरी यांचं.

आणि त्याचा मोठा चंद्र, शॅरन! तो प्लूटोच्या निम्म्याएवढा आहे. दोघं एकमेकांकडे तोंड करून फिरतात, पाठ कधीच फिरवत नाहीत, आणि ज्या बिंदूभोवती फिरतात तो प्लूटोच्या बाहेर, दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. तू आणि शेजारची ताई फुगडी घालता ना, हुबेहूब तशी. एक गिरकी सहा दिवस नऊ तासांची.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रडू आलं नसेल, चिऊ. आपण त्याला काय म्हणतो याच्याशी त्याचा संबंध नाही. सूर्याभोवती एक फेरी करायला त्याला २४८ वर्षं लागतात. क्लाइडला तो दिसला तेव्हापासून आजपर्यंत त्याची अर्धी फेरीही झालेली नाही. तुझी आई आणि मी शाळेत 'नववा प्लूटो' म्हणून घोकत होतो त्या काळात तर तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. रडू आलं असेल तर ते तुला. आणि त्यात चूक काही नाही. तू त्याची बाजू घेतलीस.

दिवाळीत येताना एक गोटी आण, साधी, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेरची. तो आपला सूर्य. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर असं धरायचं. मग पृथ्वी दीड मीटरवर, टाचणीच्या टोकाने केलेला ठिपका. गुरू म्हणजे मोहरीचा दाणा, पावणेआठ मीटरवर. शनी चौदा मीटरच्या थोडा पुढे, युरेनस एकोणतीसवर, नेपच्यून पंचेचाळीसवर. प्लूटोचं अंतर कमीजास्त होतं, सरासरीने तो एकोणसाठ मीटरवर येईल. मी काल टेप घेऊन मोजून आले: मैदानातल्या पिंपळापाशी गोटी ठेवली तर प्लूटो पाण्याच्या टाकीच्या जरा अलीकडे येतो. तिथे ठेवायला आपल्याकडे काही नाही. या मापाने तो केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे, डोळ्यांना दिसायचाच नाही. तरी आपण दोघी चालत तिथपर्यंत जाऊ, उभ्या राहू आणि मागे वळून गोटी दिसते का बघू.

मोहरी मी डब्यातून काढून ठेवलीय.

तुझी,
मावशी