सुईची मजुरी

अर्थशास्त्राच्या तासाला आपण उत्पादनाचे चार घटक पाठ करतो : भूमी, श्रम, भांडवल आणि उद्योजक. त्यांतला श्रम मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमचे घर आईच्या शिवणयंत्रावर चालते. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको यांच्या पैशांतून माझी फी भरली जाते. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण राबणाऱ्या हातांचा उद्योजक कसा होतो, हे व्याख्येतून काही उलगडत नाही.

म्हणून ग्रंथालयात कोको शनेल या फ्रेंच बाईचे चरित्र हाती लागले, तेव्हा फॅशन बाजूला ठेवून मी त्यातला हिशेब तेवढा वाचत गेले.

गॅब्रिएल शनेल १८८३ साली जन्मली. अकरा वर्षांची असताना आई गेली. फिरत्या विक्रेत्या बापाने मुलींना ओबाझिन येथील जोगिणींच्या अनाथाश्रमात सोडले. सुई तिच्या हाती आली ती अशी पोरकेपणात. पण सुई चालवणाऱ्या मुली तेव्हा फ्रान्समध्ये घरोघरी होत्या. त्या सगळ्या काही मालकिणी झाल्या नाहीत.

१९१० साली तिने पॅरिसच्या रू काँबाँ रस्त्यावर टोप्यांचे दुकान काढले. भांडवल आर्थर केपेल या इंग्रज मित्राचे. पुढे १९१३ साली दोव्हिल आणि १९१५ साली बियारित्झ येथे दुकाने निघाली. पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरले जाणारे स्वस्त जर्सी कापड घेऊन तिने बायकांचे सैलसर, चालताबोलता येईल असे कपडे शिवले. महायुद्धात भारी कापडाची टंचाई झाली, घराबाहेर कामे करणाऱ्या बायका वाढल्या, आणि तिचा माल खपला. मग तिने केपेलचे पैसे परत केले. माझ्या मते ती मालकीण झाली ती त्या दिवशी. पाटी लावली त्या दिवशी नव्हे.

दुसरा धडा सहीचा. तिच्या अत्तराच्या कंपनीचा करार १९२४ साली झाला. बाटलीवर नाव तिचे, पण वाटा फक्त १० टक्के. ७० टक्के व्हेर्थहायमर कुटुंबाचा. याचा सल तिला आयुष्यभर राहिला. जर्मनांनी फ्रान्स व्यापला, तेव्हा ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन ती कंपनी बळकावण्याचा प्रयत्नही तिने केला. तिचे कर्तृत्व सांगताना हे झाकून ठेवता येणार नाही.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते १९३६ सालच्या संपाने. त्या वर्षी तिच्याच शिवणकामगार बायकांनी तिला तिच्याच दुकानाच्या दारात अडवले. अनाथाश्रमात सुई धरलेल्या बाईला दुसऱ्या सुईवालीची मागणी ऐकवेना. स्वतःच्या हातांची किंमत तिला नेमकी ठाऊक होती. दुसऱ्यांच्या हातांची किंमत करताना मात्र तिचे गणित वेगळे झाले.

आमच्या घरी अडचण उलटी आहे. आई रीळ, अस्तर, हुक यांचा खर्च धरते आणि रात्रीचे तास सोडून देते. “आपलेच हात, त्यांचे कसले पैसे?” असे म्हणते. मी महिनाभर वहीत तिचे तास मांडले. मजुरी निघाली ती शेतावरच्या रोजापेक्षाही कमी! वही पाहून ती बराच वेळ गप्प होती. दिवाळीपासून तिने शिलाई वाढवली. शेजारच्या दोन काकूंनी येणे सोडले. त्यातली एक संक्रांतीला परत आली.

आता स्टँडजवळ एक गाळा भाड्याने घ्यायचे घाटते आहे. मामा नको म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. भाडे दर महिन्याला द्यावे लागते, गिऱ्हाईक मात्र लग्नसराईतच येते. हाताखाली एक मुलगीही लागेल. तिला काय द्यायचे, असे मी विचारले.

आई म्हणाली, “माझे तास मोजलेस ना? तसेच तिचेही मोज.”

वहीत मी आणखी एक रकाना आखला आहे. गाळा मिळो न मिळो, आईतला उद्योजक मला त्या उत्तरात दिसला.