आम्स्टरडॅमचे उलटे घड्याळ

शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्याबरोबर हॉलंडला जाण्याचा योग आला. आम्स्टरडॅम शहरात मुक्काम जेमतेम तीन दिवसांचा. तेवढ्यात देश कळतो असे मी म्हणणार नाही. पण डोंगरकड्याच्या केळीवाल्या मंडळींना सांगण्याजोगे जे दिसले, ते सांगतो.

विमान उतरले तेच मुळी एका तळ्याच्या तळाशी! शिफोल विमानतळाच्या जागी पूर्वी मोठे तळे होते. वाफेच्या पंपांनी ते उपसून १८५२ साली कोरडे केले. आपण इसापूर धरण भरण्याची वाट पाहतो. हे लोक शतकानुशतके पाणी बाहेर काढत आले आहेत. शहरही दलदलीवर वसलेले. तिथल्या राजवाड्याखाली १३,६५९ लाकडी खांब ठोकले आहेत. कालवे, सायकली यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, ते मी करीत नाही. जेवणाचे हाल झाले, शेंगदाण्याच्या चटणीने तारले.

दुकानात केळी दिसली. इक्वेडोर, कोलंबियाची, जात आपल्या ग्रँड नैनच्याच कुळातली. पण फणीवर ओरखडा नाही. आमची मंडळी ती हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे शहराजवळच्या आल्समीर गावी फुलांचा लिलाव पाहिला. इमारत एवढी अफाट, की फुलांच्या गाड्या ओढायला आत छोटे विजेचे ट्रॅक्टर फिरतात. हिंगोलीच्या हळद बाजारात बोली खालून वर चढते. इथे घड्याळाचा आकडा वरून खाली येतो. जो आधी बटण दाबील, माल त्याचा. "साहेब, हे घड्याळ तर उलटं फिरायलंय की!" एक जण म्हणाला. आता बरेच व्यापारी घरूनच संगणकावर बटण दाबतात. प्रत्येक गाडीवर उत्पादकाचे नाव, देठाची लांबी, प्रत लिहिलेली. भाव सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो.

आमच्याकडे केळीचा भाव बांधावर ठरतो, आणि कटाईच्या दिवशी "बाजार उतरला" म्हणून किती बागांत तो पाडला जातो, हे मी नोकरीत उभ्या जन्मात पाहत आलो आहे. तयार घड झाडावर थांबत नाही, हे घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

हॉलंडातही फूल कापताना उद्याचा भाव माहीत नसतो, हेही सांगितले पाहिजे. आणि आज निम्म्याहून अधिक व्यवहार घड्याळाबाहेर, थेट करारावर होतात. अशा लिलावाची सुरुवात १८८७ साली एका खेड्यात झाली, तीही होडीतून आणलेल्या भाजीपाल्यावर.

निघताना एका शेतकऱ्याने दुभाष्याला विचारले, "ही इमारत कुणाची?" "फुले पिकवणाऱ्यांची," तो म्हणाला. आमच्या माणसाने ते पुन्हा विचारून घेतले. संस्था सहकारी आहे. सभासद उत्पादकच तिचे मालक, आणि त्यांच्याकडून आकार घेऊन ती चालते. ऊस आणि दूध आपणही सहकारात आणले. आमच्याकडे केळीचा सौदा मात्र अजून बहुतेक ज्याचा त्याचाच.