चित्रपट पाहून आल्यावर

शिमगा सरला तरी कवित्व उरते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रचणाराच्या काळी चित्रपट नव्हते. असते तर त्याने शिमग्याला एवढा मान दिला नसता. तीन तास अंधारात मुकाट्याने बसलेली माणसे उजेडात आली म्हणजे त्यांना एकदम कंठ फुटतो, आणि मग रिक्षाच्या रांगेपासून रात्रीच्या जेवणापर्यंत व पुढे आठवडाभर तो मिटत नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल तर चित्रपटापेक्षा हे कवित्वच आम्हाला अधिक प्रिय आहे. चित्रपट एकदा पाहिला की संपला. त्यावरचा वाद संपत नाही आणि त्याला तिकीटही पडत नाही.

आमच्या सातिवलीत या कवित्वाची जागा ठरून गेलेली आहे. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, गोखिवरे ओलांडून महामार्गाच्या दिशेने निघाले की कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा लागतात. त्यांच्या मागे, तुंगारेश्वराचा डोंगर दिसेल अशा बेताने, आमची चार मजल्यांची इमारत उभी आहे. रविवारी संध्याकाळी टाकीत पाणी किती उरले हे पाहण्याच्या निमित्ताने पाचसात मंडळी गच्चीवर जातात. टँकरचा विषय पंधरा मिनिटांत आटोपतो (पाणीही बहुधा तेवढ्यात आटोपलेले असते), आणि मग कोणीतरी म्हणतो, “तो पाहिलात का हो?”

या मंडळीत अधिकारी पुरुष म्हणजे अर्थातच आम्ही. इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात आमची उमर गेली. शिवाय तरुणपणी एका उन्हाळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चालवलेला रसास्वादाचा वर्गही आम्ही पुरा केला होता. १९६४ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात आणि शेजारच्या, प्रभात कंपनीच्या जुन्या आवारातल्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत महिनाभर सकाळपासून रात्रीपर्यंत जगातले चित्रपट पाहून आम्ही परतलो, ते काही शब्द गाठीशी बांधूनच. ‘रचना’, ‘लय’, ‘ध्वनीचा अवकाश’ हे त्यांतले प्रमुख. गच्चीवर ते निघाले की इतर मंडळी आदराने गप्प बसत. हा आदर नसून कंटाळा असावा अशी शंका आमच्या सौभाग्यवतींनी मागेच बोलून दाखवली होती. पण घरच्या टीकाकाराचे कोण ऐकतो?

वादांची जंत्री देत बसत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ साली आला तेव्हा त्यातल्या न्यायालयाचे दिवे मालवले जातात व पडदा काही काळ काळाच राहतो, ते पाहून आमच्या एका शेजाऱ्यास वाटले की वीज गेली. सातिवलीच्या रहिवाशास तसे वाटणे स्वाभाविकच होते. तो खुर्चीतून उठला आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरला. या प्रसंगी त्याची चूक की दिग्दर्शकाची, यावर दोन रविवार गेले.

परंतु ज्याच्यासाठी हे लिहीत आहोत तो वाद पुढल्या वर्षीचा. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि मे महिन्यात आमच्या इमारतीत तो न पाहिलेला मनुष्य सापडेना. कथा सर्वांस ठाऊकच आहे. करमाळ्याकडचा मुलूख, गावच्या पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या, त्यांचे प्रेम, पळून जाणे, हैदराबादच्या झोपडपट्टीतले हाल, हळूहळू मांडलेला संसार, एक मूल. मग आर्ची आईला फोन करते. काही दिवसांनी भाऊ आणि नात्यातली माणसे दारात येतात. हातात आईने पाठवलेल्या भेटींच्या पिशव्या. ती चहा टाकते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल घरी परतते तेव्हा आईबाप रक्तात पडलेले असतात, आणि ते रडत बाहेर निघते, तेव्हा जमिनीवर त्याची तांबडी पावले उमटत जातात.

गच्चीवर त्या रविवारी नेहमीपेक्षा गर्दी होती. प्रयोगशाळेत नोकरी करणारा एक तरुण फक्त गाण्यांविषयी बोलला. त्याच्या मते मध्यंतरानंतरचा भाग कापला असता तरी चालले असते. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी नेमके उलट मत दिले. पूर्वार्ध म्हणजे नुसता धिंगाणा, खरा चित्रपट हैदराबादेत सुरू होतो, दोघांच्या पहिल्या भांडणापाशी. संसार म्हणजे काय हे मराठीत कोणी इतके उघडे दाखवले नव्हते, असे त्या म्हणाल्या. दोन्ही पक्षांस आम्ही मग समजावून दिले. पूर्वार्धात अजय-अतुल यांनी अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंद कान भरून टाकतो, उत्तरार्धात तो ओसरत जातो आणि शेवटी नुसती शांतता उरते. म्हणजे पूर्वार्धाचा कल्लोळ हा त्या शांततेसाठीच केलेला खर्च आहे. एक कापला की दुसरे कवडीमोल. हे मत आजही आम्हास बरोबर वाटते. ते सांगण्यास वीस मिनिटे लागली, एवढेच.

तेथे एका शेजाऱ्यांच्या मातोश्री बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. त्या म्हणाल्या, “‘कुंकू’लाही असं संगीत नव्हतं. आमच्या घरी दोन दिवस भांडण झालं होतं त्याच्यावर.” ‘कुंकू’ १९३७ चा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी काढलेला. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून झालेले लग्न मानीत नाही, आणि शेवटी तो म्हातारा स्वतःच जीव देतो. पार्श्वसंगीताऐवजी त्यात घरातले व रस्त्यावरचे आवाजच वापरलेले आहेत, हा मुद्दा आमच्याच पथ्यावर पडला. आम्ही आनंदाने विचारले, “भांडण संगीतावरून झालं?” आजी म्हणाल्या, “छे! घड्याळावरून. त्या म्हाताऱ्याच्या घरात जुनं घड्याळ आहे ना, ते पुन्हा पुन्हा दाखवलंय. आमचे वडील म्हणत, एवढ्या वेळा घड्याळ दाखवणं म्हणजे चित्रपटाची कला नव्हे. आई म्हणे, छान दाखवलंय. दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.” मग जराशाने, जणू दुसऱ्याच गोष्टीविषयी, त्या म्हणाल्या, “वडील दुसरेपणाचे. आईपेक्षा बावीस वर्षांनी मोठे होते.”

मंडळी हसली. आम्हीही हसलो आणि पुन्हा ध्वनीकडे वळलो.

तेव्हा आमचे नाना प्रथमच बोलले. नाना सोलापूर जिल्ह्यातले, करमाळ्याच्या शेजारच्या तालुक्यातले. पंचवीस वर्षांपूर्वी येथे येऊन एका गाळ्यात हेल्परपासून सुरुवात केलेला हा मनुष्य आता स्वतःच्या गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची बुचे काढतो. चित्रपटाला ते गेले ते आपला मुलूख पाहण्यासाठी. ते म्हणाले, “सर, तुमचं बरोबर असंल. पण त्या पिशव्या दाखवायला नको होत्या.”

आम्हास मोठी मौज वाटली. सगळा चित्रपट सोडून पिशव्या! आम्ही त्यांना सांगितले की पिशव्यांतच तर सारे बीज आहे. प्रेमाची खूण आणि मृत्यूची चाहूल एकाच वस्तूत आणणे, सुखाच्या टोकावरून क्षणात दुर्दैवाकडे वळवणे, यालाच ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे मर्म म्हटले आहे. नाना ऐकत राहिले. “आसंल,” ते म्हणाले, “पण नको होत्या.” आणि टाकीचे झाकण नीट बसले आहे की नाही ते पाहून खाली गेले.

रात्री जेवताना सौभाग्यवतींनी विचारले, “एवढं बोललात, पण त्या पोरानं वर्गात प्राध्यापकाच्या मुस्काटीत मारली, त्याविषयी अवाक्षर काढलं नाहीत ते?” आम्ही म्हणालो, तो प्रसंग रचनेच्या दृष्टीने दुय्यम आहे. त्यांनी आमटी वाढली व विषय सोडला.

दुय्यम! वर्गात मोबाइलवर बोलत बसलेल्या पाटलाच्या पोराला प्राध्यापक हटकतात आणि तो उठून त्यांच्या तोंडात देतो, हे पडद्यावर घडले तेव्हा आमच्या मागच्या रांगेत कोणीतरी शीळ घातली होती, आणि आमचे कान तापले होते. त्याच्या चारपाच वर्षे आधी आमच्या वर्गात एकाने बाकावर पाय टाकून आम्हास सांगितले होते की, तुम्ही मला ओळखत नाही. मारले नाही, तेवढेच काय ते. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या खोलीत, त्या मुलाच्या वडीलधाऱ्यांसमोर, ‘गैरसमज झाला’ हे शब्द उच्चारावे लागले ते आम्हाला. घरी त्या दिवशी आम्ही सभेमुळे उशीर झाल्याचे सांगितले होते. सौभाग्यवतींना ते कधी व कोणाकडून कळले हे आम्ही विचारलेले नाही. परंतु ज्या प्रसंगाने आम्ही चित्रपटात खरोखर दुखावलो होतो, तो वीस मिनिटांच्या व्याख्यानातून इतक्या सफाईने वगळता यावा, हे आमच्या शिक्षणाचे सामर्थ्यच म्हटले पाहिजे. त्या रात्री आजींच्या वडिलांचे घड्याळ आम्हास आठवले. त्या गाणीवाल्या तरुणाचे मात्र तसे काही नसावे. त्याला गाणी आवडली होती, बस्स.

पावसाळा गेला. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. तिच्या दहाबारा दिवस आधी एका संध्याकाळी नाना आमच्या दाराशी आले. काखेत पुठ्ठ्याचा खोका, दोरीने बांधलेला. हातात एक कागद. “सर, पत्ता लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

कागदावरचा पत्ता नांदेडचा होता. नाव एका मुलीचे. आडनाव नानांचे नव्हते. आम्ही वर पाहिले.

“थोरली,” नाना म्हणाले. “चार वर्षं झाली. रजिस्टर लग्न केलं. मी म्हणालो हुतो, तू मला मेलीस.” थोडे थांबून ते म्हणाले, “पोरगं झालंय, हे औंदा कळलं. त्याला कपडे घेतलेत, अंदाजानं. माप कुणाला इचारायचं? खरं तर मे महिन्यातच धाडायचं ठरवलं हुतं. मग ह्यो पिक्चर आला.”

आम्ही लेखणीचे टोपण काढून बसलो होतो.

“तिनं पण पाहिलाच असंल, सर. कुणी नाही पाहिला? चार वर्षांनी बापाकडनं खोकं आलं, तर आता काय वाटंल तिला?”

खोक्यावर पत्ता आम्ही शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिला. मग ‘पाठवणार’ या शब्दाशी हात थांबला. नानाही तेथेच थांबले होते. “घालायचं का?” त्यांनी विचारले. “नाव घातलं तर भ्यायची. नाही घातलं तर कुणाचं म्हणून उघडंल?”

यावर ॲरिस्टॉटलने काही म्हटलेले नाही. निदान आम्हाला ते त्या वेळी आठवले नाही. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत. खाली कोणाच्या तरी घरात चकल्यांची कढई चढली होती, तिचा वास येत होता.

“घाला,” अखेर नाना म्हणाले. “पुरं घाला. गावासकट.”

आम्ही पुरे नाव घातले, गावासकट. नानांनी ते एकदा बोटाने वाचले, शाई वाळेपर्यंत खोका हातात आडवा धरून उभे राहिले आणि जिना उतरून गेले. पोचपावती हवी असल्याचे टपालात सांगा, असे आम्ही वरून ओरडून सांगितले.

ती पावती दिवाळी उलटल्यावर आली. नाना ती घेऊन आम्हास दाखवायला आले. तिच्यावर निळ्या शाईत सही होती, बाळबोध वळणाची. ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही काही विचारले नाही. पावती घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या रविवारी गच्चीवर पुन्हा ‘सैराट’ निघाला, तेव्हा चित्रपट निदान अर्ध्या तासाने लांबला आहे, असे नाना फार तावातावाने सांगत होते.