लाल कॅलिपर तपकिरी का पडतो?

अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून लालभडक ब्रेक कॅलिपर दिसणारी गाडी तुमच्याही गल्लीत असेल. माझ्या धाकट्या भावाची तशीच आहे. घाटाच्या चार-सहा फेऱ्या झाल्या आणि डिस्ककडच्या बाजूने तो लाल रंग तपकिरी पडला, पापुद्रे सुटले. "ताई, स्प्रे मारून घेतो, झालं!"

मी वर्गात मांडते तोच हिशोब त्याच्यापुढे मांडला. 1200 किलोची गाडी 600 मीटर खाली उतरली की सुमारे 70 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात वीस लिटर पाणी सहज उकळेल. इंजिन आणि हवा घेतील ते सोडून बाकी सगळी उष्णता ब्रेकमध्ये. रंग करपणारच. बरं झालं करपला, निरोप तरी मिळाला! खरी काळजी आतली. रबरी सील कडक होतात, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल नुसतं खाली जातं. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर किमान 155. आणि एकाच चाकाचा रंग जास्त करपला असेल, तर पिस्टन अडकल्याचा संशय घ्या.

म्हणून आधी मेकॅनिक, मग रंग. ब्रेक क्लीनरने धुवायचं, घासायचं, रबर झाकायचं, उष्णतारोधक रंगाचे पातळ थर द्यायचे. पॅड सरकतात तिथे रंग नकोच.

भाऊ सध्या घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. स्प्रेचा डबा अजून फोडलेला नाही.