मीठ, मिरी आणि पोस्ट ओक

शनिवारी सकाळी पूर्व ऑस्टिनमध्ये गाडीची काच खाली केली की कॉफीच्या आधी लाकूड जळल्याचा वास येतो. ईस्ट इलेव्हन्थ स्ट्रीटवरच्या फ्रँकलिन बार्बेक्यूसमोर दुकान उघडायच्या कितीतरी आधीपासून माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. लालबागच्या नवसाची रांग पाहिलेल्या मुंबईकराला या गर्दीचं फारसं अप्रूप वाटत नाही. त्याला धक्का बसतो तो पुढे, कागद अंथरलेला ट्रे हातात आल्यावर. वरून काळंकुट्ट, आतून गुलाबी मांस, सोबत पांढऱ्या पावाचे काप, कच्चा कांदा आणि लोणच्याची काकडी. रस्सा नाही, वाटण नाही, वर कोथिंबीरही नाही.

मध्य टेक्सासच्या बार्बेक्यूचा पाया दोनच जिनसांचा: मीठ आणि जाडसर भरडलेली काळी मिरी. कुणी त्यात चिमूटभर लाल तिखट घालतं, कुणी पॅप्रिका. मेम्फिसला कोरड्या मसाल्यांची मोठी यादी असते, कॅन्सस सिटीला टोमॅटो आणि काकवीचा गोडसर सॉस लागतो. ऑस्टिनच्या आसपास मात्र जास्त मसाला दिसला की जुने गिऱ्हाईक संशयाने बघतात.

यामागे खाटिकखान्यांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या जर्मन आणि चेक कुटुंबांनी गावोगावी मांसाची दुकानं थाटली. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे न खपलेलं मांस मीठ-मिरी लावून धुरावर शिजवायचं आणि मागच्या दाराने विकायचं. कापूस वेचायला येणारे मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मजूर ते तोलून घेत आणि खाटकाच्या कागदावरच क्रॅकर्सबरोबर खात. आज हाच कागद ऑस्टिनच्या महागड्या दुकानांत मुद्दाम मागवला जातो. लॉकहार्टचं क्रॉइत्स मार्केट १९०० सालचं. तिथे कित्येक वर्षं सॉस मिळत नसे आणि काटेही नसत. टेलर गावातलं लुई म्युलर १९४९ चं. 

१९९९ मध्ये क्रॉइत्सच्या मालक कुटुंबात फाटाफूट झाली. धंदा भावांकडे आला होता, जुनी इमारत बहिणीकडे. त्यातल्या एका भावाने थोड्या अंतरावर नवी इमारत बांधली आणि जुन्या भट्टीतले निखारे घमेल्यात घालून रस्त्याने ओढत तिथे नेले. जुन्या जागेत आता स्मिटीज मार्केट आहे. त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळात लॉकहार्टला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवणारा ठराव मंजूर झाला. या प्रांताने बार्बेक्यू किती मनावर घेतलं आहे, याची आणखी एक खूण म्हणजे ‘टेक्सास मंथली’ मासिकाने २०१३ मध्ये नेमलेला पूर्णवेळ बार्बेक्यू संपादक.

दुकानांत मान ब्रिस्केटचा, म्हणजे गोमांसाच्या छातीकडच्या तुकड्याचा. पण ती घरी करायची तर अर्धा दिवस आणि रात्र जाते, शिवाय बिघडली तर बरेच डॉलर बुडतात. म्हणून घरच्या अंगणात नवशिका सुरुवात करतो ती डुकराच्या स्पेअर रिब्जपासून. या पोटाकडच्या फासळ्या. पाठीकडच्या बेबी बॅक रिब्जपेक्षा त्या स्वस्त, जास्त चरबीच्या, आणि म्हणून चूक पोटात घालणाऱ्या. खालची कुर्च्यांची पट्टी कापून आयताकृती केल्या की त्यांना सेंट लुइस कट म्हणतात. एच-ई-बी सुपरमार्केटच्या थंड कपाटातलं पाकीट उचलताना लेबल जरूर वाचावं. अनेक पाकिटांतल्या मांसाला मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, त्यावर पुन्हा नेहमीएवढं मीठ लावलं की रिब्ज खारट होतात.

ऑस्टिनच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहणारा एक वसईकर अभियंता दर पंधरवड्याला हा उद्योग करतो. हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा तो सुरीच्या टोकाने एका कोपऱ्यात उचलतो, कागदी रुमालात चिमटीने पकडतो आणि एका ओढीत सोलून काढतो. मग बशीत समान मापाने जाड दाण्याचं मीठ आणि भरड मिरी. हात वर धरून ती पावसासारखी सगळीकडे सारखी पाडायची, चोळायची नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याची आई आली होती. बॅगेत बॉटल मसाल्याची बाटली. वसईच्या ख्रिस्ती घरात डुकराचं मांस म्हणजे इंद्याल, सिरका, लसूण. समोरचा प्रकार बघून ती म्हणाली, “अरे, नुसतं मीठ-मिरी? आजाऱ्याचं जेवण आहे का हे?” तो हसला आणि स्मोकरकडे वळला. लाकूड पेटलं, पांढराशुभ्र धूर निघाला. आईने पदर नाकाला लावला. “ओलं आहे रे लाकूड. डोळ्यांना झोंबतंय बघ. वारा लागू दे जरा.” चुलीवर आयुष्य काढलेल्या बाईला पिटमास्टरचा, म्हणजे बार्बेक्यूची भट्टी सांभाळणाऱ्याचा, पहिला धडा कुणी शिकवायची गरज नव्हती.

कारण या पदार्थाची खरी मेहनत जाळात आहे. लाकूड पोस्ट ओकचं, साधारण वर्षभर वाळवलेलं. हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं की धूर पांढरा आणि दाट येतो, त्याने मांस कडू होतं. नीट पेटलेल्या लाकडाचा धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसणारा. लाकडातल्या लिग्निनच्या ज्वलनातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं निघतात, धुराचा वास आणि चव मुख्यतः त्यांची. कापल्यावर कडेला दिसणारं गुलाबी वलय कच्चेपणाचं नसतं. धुरातल्या वायूंचा मांसातल्या मायोग्लोबिनशी संयोग होऊन ते तयार होतं.

आच १२० ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, वेळ पाच-सहा तास. मध्येच एक टप्पा असा येतो की मांसाचं तापमान ६५-७० अंशांवर अडून बसतं. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि ते मांसाला थंड करत राहतं. घाईतली माणसं अशा वेळी फॉइल गुंडाळतात, त्याला गमतीने ‘टेक्सासची कुबडी’ म्हणतात. सुरक्षिततेपुरतं म्हणाल तर अमेरिकी कृषी खात्याच्या हिशेबाने ६३ अंश आणि तीन मिनिटांची विश्रांती पुरे. पण तेवढ्यावर रिब्ज चामड्यासारख्या चिवट लागतात. ९० अंशांच्या पुढे गेल्यावर कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. चिमट्याने एका टोकाला उचलल्यावर रिब्ज कमानीसारख्या वाकल्या आणि वरच्या सालीला भेग पडली की झालं. मांस हाडावरून आपोआप गळून पडलं, तर स्पर्धेचे परीक्षक गुण कापतात. दाताने ओढल्यावर सुटायला हवं.

हे सगळं करायला अंगण लागतं, आणि नव्याने आलेला मराठी माणूस बहुधा अपार्टमेंटमध्ये राहतो. अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे लाकडी बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवता येत नाही. हे नियम उगीच नाहीत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाच्या वाऱ्याने ठिणग्या उडाल्या आणि खुद्द फ्रँकलिनचं स्मोकहाऊस जळालं. दुकान उघडायला नोव्हेंबर उजाडला. धुराची कटकट शेजाऱ्यांनाही असते. २०१५ मध्ये बार्बेक्यूच्या दुकानांना धूर गाळणारी यंत्रणा बसवायला लावावी, हा विषय ऑस्टिनच्या सिटी कौन्सिलपुढे आला. दुकानदारांनी कडाडून विरोध केला. सक्ती झाली नाही.

आणि बॉटल मसाल्याचं काय? वसईकराच्या आईने दुसऱ्या दिवशी उरलेल्या रिब्जचे तुकडे केले, कांदा, मसाला, सिरका घालून परतले. नातवंडांना ते जास्त आवडले. धूर लागलेलं डुकराचं मांस आणि सिरका ही जोडी गोव्याच्या चोरिस सॉसेजमध्ये पूर्वापार आहेच.

ऑस्टिनला येणं झालं तर सोमवार टाळा, फ्रँकलिन बंद असतं. रांगेचा कंटाळा असेल तर पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला लॉकहार्ट गाठा, तेही दुपार व्हायच्या आत, कारण माल संपला की दुकान बंद. ब्रिस्केट संपली असली तरी परत फिरू नका. स्पेअर रिब्ज पौंडावर मिळतात, दोघांत एक पौंड चाखायला पुरतो. पहिला तुकडा सॉसशिवाय खा.